रिकाम्या फळीचा भाव

२०१३ च्या फेब्रुवारीतील एका शनिवारी सकाळी सहा वाजता मी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील एका मोठ्या दुकानाच्या बंद दारासमोर, अकरा जणांच्या मागे, थंडीत उभा होतो. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती आणि आमच्या काउंटीतील मुलांच्या नेमबाजी क्लबात पॉइंट २२ या लहान गोळीच्या रायफलने कागदी लक्ष्यावर नेम साधायला शिकत होती. क्लबाला गोळ्या पुरवण्याची जबाबदारी पालकांमध्ये वाटून दिलेली होती आणि त्या महिन्यात माझी पाळी होती. आदल्या वर्षापर्यंत ५०० गोळ्यांचा खोका, ज्याला इथे ‘ब्रिक’ म्हणतात, वीस डॉलरांच्या आसपास मिळत असे आणि दूध-पाव आणायला गेल्यावर तो सहज टोपलीत टाकता येत असे. त्या सकाळी दार उघडल्यावर काउंटरवरच्या मुलाने रात्रीच्या ट्रकमधून आलेला माल किती आहे ते सांगितले, प्रत्येकाला तीनच खोके मिळतील असे बजावले, आणि सातव्या गिऱ्हाइकापाशी माल संपला. दुपारी मी शेजारच्या गावातील गन शोला, म्हणजे बंदुका-गोळ्यांच्या बाजाराला, गेलो, तेव्हा सकाळच्या रांगेत माझ्यापुढे उभा असलेला एक गृहस्थ तिथे टेबल मांडून बसला होता. टेबलावर तेच खोके होते, दुकानाच्या किमतीची चिठ्ठी काढून टाकलेली होती, आणि भाव साठ डॉलर होता. मी एक खोका घेतला, कारण मंगळवारी मुले येणार होती.

त्या दिवसापासून या विषयाकडे मी लक्ष देऊन पाहत आलो आहे. घबराटीच्या काळात शस्त्रांचे भाव वाढतात हे सगळेच सांगतात, परंतु ते नेमके कुठे वाढतात हे फारसे कोणी सांगत नाही. त्या मोठ्या दुकानात ब्रिकचा भाव जवळजवळ तोच राहिला होता. तिथे भाव चढला नाही, फळी रिकामी झाली, आणि चढलेला भाव पाच मैलांवरच्या टेबलावर जाऊन बसला. ज्याला पहाटे रांगेत उभे राहता येते त्याला जुना भाव मिळतो आणि ज्याला कामावर जायचे असते त्याला तिप्पट भाव मिळतो.

त्या हिवाळ्याच्या घबराटीचे कारण अत्यंत दुःखद होते. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकटमधील न्यूटाउन येथील सँडी हुक प्राथमिक शाळेत वीस मुले आणि सहा कर्मचारी यांची हत्या झाली. त्यानंतर एआर-१५ प्रकारच्या, म्हणजे सैनिकी धाटणीच्या अर्धस्वयंचलित रायफली आणि दहापेक्षा अधिक गोळ्या मावणारी मॅगझिने (बंदुकीला जोडायच्या गोळ्यांच्या पेट्या) यांवर बंदी येणार अशी चर्चा सुरू झाली, आणि देश शोक करत असतानाच दुकानांसमोर रांगा लागल्या. परवानाधारक विक्रेत्याकडून बंदूक घेताना एफबीआयच्या ‘निक्स’ या यंत्रणेतून गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासली जाते. त्या डिसेंबरमध्ये अशा तपासण्यांची संख्या सुमारे २७.८ लाखांवर गेली, आणि १९९८ मध्ये यंत्रणा सुरू झाल्यापासून तोवरचा तो उच्चांक होता. एक तपासणी म्हणजे एक विक्री असे मात्र समजू नये, कारण काही राज्ये शस्त्र बाळगण्याच्या परवान्यांसाठीही हीच यंत्रणा वापरतात आणि एका तपासणीवर एकाहून अधिक बंदुका घेता येतात. तरीही गर्दीची दिशा या आकड्यांवरून चांगली कळते.

कायद्याच्या भीतीने होणारी खरेदी आणि जिवाच्या भीतीने होणारी खरेदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचा भावांवरचा परिणामही वेगळा असतो. पहिल्या प्रकारात बहुतांशी तेच लोक पुढे येतात ज्यांच्या घरी आधीच बंदुका आहेत. त्यांना नेमके काय हवे ते माहीत असते, आणि म्हणून गर्दी मोजक्या वस्तूंवर तुटून पडते. २०१३ च्या आरंभी सातशे-आठशे डॉलरांची साधी एआर रायफल दीड-दोन हजारांना विकली जात होती आणि तीस गोळ्यांचे बारा-पंधरा डॉलरांचे प्लास्टिकचे मॅगझिन पन्नास-साठ डॉलरांना जात होते. त्याच दुकानात बदकांच्या शिकारीची शॉटगन मात्र जुन्याच किमतीत भिंतीवर टांगलेली होती आणि तिच्याकडे कोणी पाहत नव्हते.

या खरेदीदारांना केवळ अविचारी ठरवून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही. त्यांच्यापाशी एक आठवण असते आणि ती खरी असते. १९८६ च्या मे महिन्यात झालेल्या कायद्याने सामान्य नागरिकांसाठी नव्या मशीनगनची नोंदणी बंद केली, परंतु आधी नोंदलेल्या मशीनगन मालकांकडे राहू दिल्या आणि त्यांची खरेदी-विक्रीही चालू ठेवली. त्या दिवशी त्यांचा साठा कायमचा गोठला. तेव्हा हजार डॉलरांच्या आत-बाहेर मिळणारी वस्तू आज तीस हजारांच्या वर जाते. १९९४ ते २००४ या दहा वर्षांत अशा रायफली आणि मोठी मॅगझिने यांवर असलेल्या संघीय बंदीनेही हेच दाखवले: बंदीच्या आधी बनलेली मोठी मॅगझिने कायदेशीर राहिली आणि त्यांचा भाव कित्येक पटींनी वाढला. जुना माल चालेल, नवा चालणार नाही, असे कायदा म्हणू लागला की आज घेतलेली वस्तू उद्या दुर्मीळ होणार हा हिशेब कोणीही करतो. अशा कायद्याच्या चर्चेतच आधी भरपूर विक्री घडवून आणण्याची शक्ती असते, आणि मला हे अतिशय अस्वस्थ करणारे वाटते, कारण ज्या वस्तू कमी व्हाव्यात म्हणून चर्चा होते त्या वस्तू चर्चेच्या काळातच सर्वाधिक घरांत पोहोचतात.

हिशेब चुकतोही. १७ एप्रिल २०१३ रोजी सिनेटमध्ये बंदीचा प्रस्ताव ४० विरुद्ध ६० मतांनी पडला, आणि पुढच्या वर्षभरात कारखान्यांनी वाढवलेले उत्पादन बाजारात येऊन धडकले. दोन हजारांना घेतलेल्या रायफली आठशेलाही कोणी घेईना. २०१६ च्या निवडणुकीत ट्रम्प निवडून आल्यावर बंदीची भीती नाहीशी झाली आणि मागणी ओसरली, तेव्हा तर चारशे-पाचशे डॉलरांत नवी एआर मिळू लागली. भाव आणि भीती यांचा संबंध याहून स्पष्ट पाहायचा असेल तर २०१५ चे उदाहरण घ्यावे. त्या फेब्रुवारीत एटीएफ या संघीय खात्याने एम८५५ नावाच्या, हिरव्या टोकाच्या रायफल गोळीवर बंदी घालण्याचा प्रस्ताव मांडला. ही गोळी तोवर अगदी साधी, स्वस्त, सरावाची म्हणून ओळखली जात होती. काही दिवसांत ती फळ्यांवरून नाहीशी झाली आणि लिलावांच्या संकेतस्थळांवर तिचे भाव दुपटीवर गेले. १० मार्चला खात्याने प्रस्ताव मागे घेतला आणि गोळी हळूहळू मूळ भावावर आली. त्या काही आठवड्यांत कोणत्याही कारखान्यात आग लागली नव्हती, पितळ किंवा शिसे महाग झाले नव्हते, केवळ एक प्रस्ताव आला आणि गेला होता.

पॉइंट २२ च्या टंचाईला तर कायद्याचेही कारण नव्हते. या लहान गोळीवर बंदी घालण्याचा विचार कोणी मांडला नव्हता. फळी रिकामी दिसली म्हणून लोक ती भरलेली दिसताच सगळी उचलू लागले, आणि त्यामुळे ती पुन्हा रिकामी राहू लागली. हे चक्र दोन वर्षांहून अधिक काळ चालले. गृहसुरक्षा खाते देशातील सगळ्या गोळ्या विकत घेऊन टाकत आहे अशी अफवा तेव्हा जोरात होती आणि रांगेत ती मला किमान दहा वेळा ऐकवली गेली. पुढे २०१४ मध्ये संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने तपासले तेव्हा त्या खात्याची काडतुसांची खरेदी २००९ पासून उलट घटत गेल्याचे आढळले. तोवर अफवेचे काम होऊन गेले होते.

मोठ्या दुकानांनी भाव का वाढवले नाहीत, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. कारखानदार वर्षभराचे दर घाऊक वितरकांशी ठरवून बसलेला असतो आणि लाट ओसरल्यावर त्याला त्याच वितरकांकडे जायचे असते. वितरक माल रेशनप्रमाणे वाटतो, ज्याला इथल्या धंद्यात ‘ॲलोकेशन’ म्हणतात, आणि त्यात नेहमीच्या मोठ्या दुकानांचा वाटा आधी निघतो. साखळी दुकानाला बंदुकीच्या काउंटरवर मिळणाऱ्या चार पैशांहून आपले नाव मोलाचे वाटते. शेवटी राहते ते गावातील एकट्या मालकाचे छोटे दुकान. त्याला माल सर्वांत कमी मिळतो, सर्वांत उशिरा मिळतो, वितरकाकडून नाही मिळाला तर लिलावातून महाग घ्यावा लागतो, आणि मग चढा भाव लावल्याचा दोष मात्र त्याच्या माथी येतो.

चढ्या भावाची आठवण लोक किती काळ ठेवतात, याचे मला अजूनही नवल वाटते. डिसेंबर २०१२ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याने मॅगझिनांचे भाव रातोरात कित्येक पट केले होते. त्याला आता दहा वर्षे उलटून गेली, तरी आमच्या क्लबातील दोन ज्येष्ठ सदस्य त्याच्याकडून स्वस्त मिळाले तरी काही घेत नाहीत. याउलट कोलोरॅडो राज्याने २०१३ मध्ये पंधराहून अधिक गोळ्यांच्या मॅगझिनांवर बंदी आणायचे ठरवले, तेव्हा तिथल्याच मॅगपुल या उत्पादकाने कायदा लागू होण्यापूर्वी राज्यातील रहिवाशांना आधी माल देण्याची व्यवस्था केली. नंतर तो कारखाना राज्य सोडून गेला, परंतु त्या वागण्याची आठवणही लोकांनी तितकीच जपली आहे. टंचाईत गिऱ्हाईक दुकान बदलते ते एकदाच, आणि पुष्कळदा परत येत नाही.

दुकान बदलणे म्हणजे इथे नक्की काय, हे थोडे समजावून सांगायला हवे. इंटरनेटवरून नवी बंदूक घेतली तरी ती थेट घरी येत नाही. ती गिऱ्हाइकाच्या राज्यातील परवानाधारक विक्रेत्याकडे पाठवली जाते, तिथे जाऊन ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो, तपासणी होते, आणि त्या विक्रेत्याला वीस ते पन्नास डॉलर हस्तांतरण शुल्क द्यावे लागते. म्हणून घबराटीच्या काळात एक चमत्कारिक दृश्य दिसते: गावातील दुकानाच्या फळ्या रिकाम्या असतात, पण दुसऱ्यांनी विकलेल्या बंदुकांची खोकी मागच्या खोलीत छतापर्यंत रचलेली असतात, आणि मालक स्वतःच्या विक्रीऐवजी शुल्कावर महिना काढतो. काडतुसांचे तसे नाही. बहुतेक राज्यांत ती सरळ दारात येतात. त्यामुळे काडतुसांची रांग फार लवकर पडद्यावर गेली. माल आला की फोनवर सूचना देणारी संकेतस्थळे निघाली, आणि पहाटे थंडीत उभे राहण्याच्या जागी लोक जेवताना, बैठकीत, रात्री अंथरुणात फोन चाळू लागले. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून काडतुसांसाठीही समोरासमोर खरेदी आणि तपासणी सक्तीची केली, तेव्हा तिथला गिऱ्हाईक पुन्हा स्थानिक दुकानात आला. त्यात त्याच्या इच्छेचा भाग थोडा होता.

त्याच राज्यात त्याच वर्षी घडलेली एक गोष्ट मी कोणालाही या विषयाची ओळख करून देताना सांगतो. २९ मार्च २०१९ रोजी एका संघीय न्यायाधीशाने मोठ्या मॅगझिनांवरील राज्याची बंदी रद्द ठरवली. निकाल स्थगित होणार हे सर्वांना माहीत होते, फक्त केव्हा ते माहीत नव्हते. देशभरच्या विक्रेत्यांनी आपली गोदामे कॅलिफोर्नियाकडे उलटी केली, लोकांनी रात्रभर मागण्या नोंदवल्या, आणि ५ एप्रिलच्या संध्याकाळी पाच वाजता स्थगिती लागू झाली. त्या आठवड्यात भावाचा विचार जवळजवळ कोणी केला नाही. माल आज पाठवणार का, एवढाच प्रश्न विचारला जात होता. वेळ संपत असेल तेव्हा गिऱ्हाईक स्वस्त दुकान शोधत नाही, ज्याच्याकडे माल आहे आणि जो आज पाठवतो त्याच्याकडे जाते.

दुसऱ्या प्रकारची, म्हणजे जिवाच्या भीतीची लाट २०२० मध्ये आली आणि तिने पहिली लाट किरकोळ ठरवली. मार्चमध्ये साथीमुळे व्यवहार बंद होऊ लागले आणि तपासण्या ३७.४ लाखांवर गेल्या; जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतरच्या अशांत जूनमध्ये त्या ३९ लाखांच्या वर होत्या; वर्षभरात जवळजवळ ३.९७ कोटी झाल्या, जेव्हा आदल्या वर्षी २.८४ कोटी होत्या. मार्च २०२१ मध्ये तर एका महिन्यात सुमारे ४६.९ लाख तपासण्या झाल्या. एनएसएसएफ या उद्योगसंघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये सुमारे ८४ लाख लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली. दक्षिण कॅलिफोर्नियात कल्व्हर सिटीतील दुकानाबाहेर पदपथावर लागलेल्या रांगांची छायाचित्रे तेव्हा सर्वत्र झळकली. त्या रांगेतील अनेकांना काउंटरवर पोहोचल्यावरच कळले की त्यांच्या राज्यात दहा दिवस थांबावे लागते.

मधल्या काळात मोठी दुकाने या धंद्यातून एकेक पाऊल मागे घेत गेली होती. वॉलमार्टने २०१५ मध्ये एआर प्रकारच्या रायफली विकणे थांबवले आणि एल पासोच्या हत्याकांडानंतर, सप्टेंबर २०१९ मध्ये, पिस्तुलाची काडतुसेही उरलेला साठा संपल्यावर बंद करण्याचे जाहीर केले. डिक्स स्पोर्टिंग गुड्स या क्रीडासाहित्याच्या साखळी दुकानाने फ्लोरिडातील पार्कलंडच्या शाळेतील हत्याकांडानंतर २०१८ मध्ये तशा रायफली काढून टाकल्या. या निर्णयांच्या योग्यतेबद्दल मला इथे वाद घालायचा नाही. त्यांचा परिणाम असा झाला की २०२० ची लाट आली तेव्हा पिस्तुलाचे नऊ मिलिमीटरचे काडतूस ठरलेल्या भावात, प्रत्येकी तीन खोके या मर्यादेने विकणारी देशातील सर्वांत मोठी फळी अस्तित्वातच नव्हती. सगळी गर्दी छोट्या दुकानांवर, संकेतस्थळांवर आणि लिलावांवर गेली. पन्नास गोळ्यांचा दहा डॉलरांचा खोका पस्तीस-चाळीस डॉलरांवर पोहोचला, काही ठिकाणी पन्नासवरही. नव्या गिऱ्हाइकाला हा धंदा माहीत नव्हता, कोणत्या दुकानाशी ओळख नव्हती, जुना भाव ठाऊक नव्हता. त्याने समोर आलेले पहिले पिस्तूल सांगितलेल्या किमतीला घेतले आणि सोबत एक खोका गोळ्या मिळाल्या तर स्वतःला भाग्यवान समजले.

या विषयात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथेच. आमच्या क्लबात त्या उन्हाळ्यात प्रौढांसाठी सुरक्षिततेचा प्राथमिक वर्ग आम्ही घेत होतो. एक बाई आल्या, रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या, हातात नवे पिस्तूल आणि पन्नास गोळ्या. वर्गात किमान शंभर गोळ्या झाडाव्या लागतात. त्यांनी विचारले की वीस झाडून उरलेल्या तीस घरी ठेवल्या तर चालेल का, कारण पुन्हा मिळतील याची खात्री नाही. मी माझ्याजवळच्या दिल्या. परंतु असे कितीतरी लोक असतील ज्यांनी बंदूक घेतली आणि सराव महाग म्हणून केलाच नाही. गोळी वीस सेंटची पंचाहत्तर सेंट झाली की साठेबाज नफा मोजतो, जुना नेमबाज महिन्याचा एक सराव कमी करतो, आणि नवा माणूस शिकणेच पुढे ढकलतो. ज्याला शिकण्याची गरज सर्वाधिक आहे त्याच्यावर या भाववाढीचा भार सर्वाधिक पडतो.

पुरवठा इतका ताठर का, हेही सांगायला हवे. काडतुसातील प्राइमर, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, देशात मोजक्याच कारखान्यांत बनते. तिथले काम धोक्याचे असते आणि नवी यंत्रणा उभारायला वर्षे लागतात. बंदुका आणि काडतुसे बनवणारी रेमिंग्टन कंपनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० च्या जुलैमध्ये दिवाळखोरीत गेली, म्हणजे इतिहासातील सर्वांत मोठ्या मागणीच्या ऐन भरात तिचा आर्कान्सामधील काडतुसांचा कारखाना लिलावाची वाट पाहत होता. आणि कारखानदारांना २०१७ ची मंदी आठवत असते. भीतीच्या मागणीवर विसंबून कोट्यवधी डॉलरांची यंत्रे घ्यावीत आणि ती चालू होईपर्यंत भीती संपलेली असावी, हा अनुभव त्यांनी घेतलेला आहे. म्हणून ते तीन पाळ्या चालवतात, पण नवी इमारत सहसा बांधत नाहीत.

आमच्या गावातील जुन्या दुकानाच्या मालकाने २०२० मध्ये एक नियम केला होता. त्याच्याकडे आलेली काडतुसे तो फळीवर मांडतच नसे. त्याच्याकडून पिस्तूल घेणाऱ्याला दोन खोके, मुलांच्या क्लबाला ठरलेला वाटा, आणि ओळखीच्या जुन्या गिऱ्हाइकाला एक खोका, असे तो काउंटरखालून देत असे, खरेदीच्या भावावर ठरावीक टक्के लावून. काही लोक चिडून गेले. पार्किंगमध्ये मोटारीच्या डिकीतून तिप्पट भावाने विकणारा एकजण त्याला माहीत होता, आणि त्याला तो काहीच देत नसे.

२०२२ मध्ये भाव उतरू लागले तेव्हा फटका त्यालाच बसला. २०२१ मध्ये त्याने वितरकाकडे आगाऊ नोंदवलेला माल महाग दराने, एका वर्षाच्या उशिराने येऊन पडला, आणि तोवर संकेतस्थळांवर तोच खोका त्याच्या खरेदीच्या भावाखाली मिळत होता. टंचाईत त्याच्या काउंटरपाशी दिसणारे निम्मे चेहरे पडद्याकडे वळले. तो मला म्हणाला की त्यांचा राग येत नाही, पण पुढच्या वेळी वाटा ठरवताना वही उघडून पाहीन. उरलेला साठा त्याने २०२३ भर हळूहळू तोट्यात काढला.

आमच्या क्लबाने तेव्हापासून खरेदीची पद्धत बदलली आहे. दर ऑक्टोबरमध्ये, कोणतीही बातमी असो वा नसो, आम्ही पुढील वर्षभराच्या सरावाला पुरतील इतक्या पॉइंट २२ गोळ्यांची मागणी त्याच दुकानात नोंदवतो, त्या दिवशी जो भाव असेल तो देतो, आणि खोके क्लबाच्या कुलूपबंद कपाटात ठेवतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये संकेतस्थळावरचा भाव खोक्यामागे चार डॉलरांनी कमी होता. पालकांच्या बैठकीत त्यावर अर्धा तास चर्चा झाली, आणि मागणी त्याच दुकानात गेली.